साहेब आले, सामना थांबवा

आमच्या भागात ज्याच्या हातात मोबाईल आहे, त्यानं ती क्लिप पाहिलेली असणार. अर्ध्या मिनिटाचीही नाही. पडद्यावर वाळलेल्या गवताचा माळ, पडक्या घराच्या आडोशाला बंदूक घेऊन बसलेली एक बाई, आणि मागून एक म्हातारा, भरदार आवाज: "थांब, थांब. साहेब आलेत. सामना थांबव." बाई उठून उभी राहते आणि तिथल्या तिथं गोळी लागून पडते. आवाज तरीही चालूच: "आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, या परिसराचे भाग्यविधाते, यांचं या ठिकाणी आगमन होत आहे, त्यांचं मी शब्दसुमनांनी स्वागत..."

तो आवाज संगणकानं काढलेला आहे, अशी सगळ्यांची समजूत आहे. तो माझा आहे. वय शहात्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, खालचे चार दात बसवलेले.

एवढं कबूल करायला मला सव्वा महिना लागला, आणि त्या सव्वा महिन्यात जे ऐकून घ्यायचं ते माझ्या नातीनं ऐकून घेतलं. क्लिप अजून फिरते. तिच्यामागोमाग नातीचा माफीचा व्हिडिओही फिरतो. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून लिहून ठेवतो.

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण अंबाजोगाईच्या आजूबाजूला मला लोक ओळखतात ते लग्नातल्या माइकमुळे. आमच्याकडच्या लग्नात नवरदेव-नवरीइतकाच माइकवरचा माणूस महत्त्वाचा असतो. कोण आलं, कुठून आलं, कोणत्या पदावर आहे, हे त्यानं पुकारायचं असतं. मुहूर्त पंचांगात काहीही असो, पुढाऱ्याची गाडी आल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. मंगलाष्टका चालू असताना फाट्यावर धुरळा दिसला, की मी भटजींच्या पुढ्यातला माइक उचलत असे. भटजी तोंड उघडं ठेवून थांबत, नवरी हार धरून थांबे, आणि मी साहेबांची पदं उतरत्या क्रमानं सांगत असे. क्रम चुकला तर लग्न राहायचं बाजूला आणि भांडण सुरू व्हायचं. नाव राहिलं म्हणून ताटावरून उठून गेलेले पाहुणे मी पाहिले आहेत. त्यामुळे साहेब म्हटलं की माझं सगळं अंगच कामाला लागतं. त्यात डोक्याचा फारसा संबंध येत नाही.

नात म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई शिरूर कासारला असतात. पोरगी कॉलेजसाठी आमच्याकडे आली आणि मागची खोली तिनं घेतली. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते पाच दार लावून अभ्यास. आतून बोलण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं मोठ्यानं पाठ करते. माझ्याच शाळेतली पद्धत उचलली म्हणून मी मित्रांना कौतुकानं सांगितलंही होतं. बायकोला पहिल्या आठवड्यातच खरं कळलं होतं. ती मला बोलली नाही, कारण, तिच्या शब्दांत, "तुमी विचारलंव कवा?"

पोरगी खेळत होती. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात, हत्यारं शोधतात, एकमेकांना मारतात, जागा आक्रसत जाते आणि शेवटी एक उरतो. ती हे फोनवर खेळायची. शेजारच्या जुन्या संगणकातून तो खेळ त्याच वेळी लोकांना दिसायचा. खेळता खेळता ती आपल्या बोलीत बोलायची: "हे बग, झाडामागं बसलंय येडं, त्याला वाटायलंय मला दिसंना." लोक त्यासाठीच यायचे. गोळीबार तर सगळीकडेच असतो.

त्याच काळात मी ज्येष्ठ नागरिक संघाचा अध्यक्ष होतो आणि शाळाशाळांतून व्याख्यानं देत होतो. विषय 'मोबाईल: शाप की वरदान' असा असे. वरदानाकडे मी कधी पोचलो नाही.

हिवाळ्यातली दुपार होती. बायको शेजारी गेली होती आणि गॅसची टाकी आली. पोरगी दार उघडायला पळाली. मी पेरूच्या फोडी घेऊन तिच्या खोलीत गेलो. टेबलावर माइक होता, छोट्या स्टँडवर, कापसाच्या बोंडासारखं डोकं असलेला. मागं पडद्यावर अक्षरं उमटली: तलवाड्यावरून बघतोय दीदी.

माझ्या हातून पुढं जे झालं ते मी ठरवून केलं नाही. ताटली खाली ठेवली, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि बोललो: "मौजे तलवाडा, तालुका गेवराई, येथून वेळात वेळ काढून या ठिकाणी आवर्जून उपस्थित असलेल्या आपल्या बंधूंचं यजमान परिवारातर्फे मी शब्दसुमनांनी स्वागत करतो."

अक्षरं धावायला लागली. मला वाटलं काही बिघडलं. पोरगी परत आली, पडद्याकडे बघितलं, आणि ओढणीचा बोळा तोंडात घालून खाली बसली.

"चुकलं का ग?" मी विचारलं.

"आबा, लोकं मरायलेत हसून. अजून दोन नावं घ्या."

मी अकरा घेतली.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तिच्या दाराशी उभा होतो. मी कुणालाच दिसणार नव्हतो, फक्त आवाज जाणार होता, पण लुंगीवर स्वागत करायची मला सवय नाही. बायको म्हणाली, "लेकराच्या खेळात घुसलाव. तिथं नवरदेव कोन हाय, मला दावा तरी." मी तिला दार लावून घ्यायला सांगितलं.

ते तीन-चार महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत मजेचे गेले, हे मी इथं लिहितो, कारण पुढचं पाप त्या मजेतूनच झालं. लोक खरी नावं लावत नाहीत. एकाचं नाव होतं शिरूर कासारचा किलर. मी म्हणालो, "शिरूर कासार येथील प्रतिष्ठित नागरिक माननीय किलर साहेब." एकानं नाव घेतलं होतं तुझा बाप. मी त्यांचंही स्वागत केलं: "आपल्या सर्वांचे वडील, तेही आज आपल्यात आहेत, त्यांनी पुढं येऊन बसून घ्यावं." उसाच्या फडातून दुपारच्या भाकरीच्या वेळेला बघणारी मंडळी असायची. त्यांना मी विचारायचो, फडावरची पंगत बसली का. ते लिहायचे, बसली गुरुजी, ठेचा वाढा. गुरुजी हे त्यांनी आपणहून ठेवलेलं नाव. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पोरगी घरामागं लपून बसली की मी लग्नातल्यासारखं सांगायचो, "वधूपक्षानं थोडं मागं सरकावं, वरपक्ष जिन्यात आलेला आहे." ती हसता हसता मरायची, म्हणजे खेळात. मग मी दुखवट्याचं बोलायचो. त्यावरही हसायचे.

लोक विचारायला लागले, हा आवाज कुणाचा. इथं माझं पहिलं चुकलं. परवाच एका शाळेत मी मोबाईलनं मेंदूला भोकं पडतात असं सांगून आलो होतो.

"सांग, यंत्राचा आवाज आहे," मी नातीला म्हणालो.

"खोटं कावून बोलायचं आबा? सांगू ना माजे आबा हायेत. लोकं अजून येतील."

"मला गावात तोंड दाखवायचंय."

ती उठली. मग माइकपाशी जाऊन हसत म्हणाली, "मंडळी, आवाज बदलायचं सॉफ्टवेअर हाय माझ्याकडं. गुरुजी म्हंजे मीच." लोकांनी त्याचंही कौतुक केलं. आमच्याकडचे सगळेच माइकवाले असेच बोलतात, त्यामुळे मला कुणी ओळखलं नाही. पोरगी एवढा हुबेहूब म्हातारा काढते म्हणून तिची आणखी वाहवा झाली, आणि मला, खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

एका शाळेत व्याख्यान संपवून बाहेर पडत होतो. व्हरांड्यात दोन मुलं एकमेकांना "शब्दसुमनांनी सागत, सागत" करत होती. मी थांबलो. रागावायला हवं होतं. मी म्हणालो, "अरे, 'स्वा' लांबवायचा. सागत काय, स्वाऽगत." मुलांनी लगेच तसं म्हटलं. मुख्याध्यापक माझ्या मागेच उभे होते. त्यांना वाटलं मी शुद्धोच्चार शिकवतोय.

उन्हाळ्यात पुण्याच्या एका संघानं तिला चाचणीला बोलावलं. मुलींचा संघ होता, राज्याबाहेरही खेळायला जाणार होता. चाचणी घरूनच द्यायची, पण सगळ्यांना दिसेल अशी, आणि खेळ दाखवायला लागतं त्याशिवाय दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर संगणकात चालू ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम. तिनं तो मला दोनदा वाचून दाखवला होता.

"आबा, आज बसायचं. बोलायचं न्हाई."

"एक शब्द नाही."

"टिचकी बी न्हाई."

मी कोपऱ्यातल्या खुर्चीत हात मांडीखाली घालून बसलो. ती काय खेळली त्या दिवशी. पाऊण तासात बेटावर तिघं उरली. बघणारे रोजच्या कितीतरी पट. पुण्याची निवड करणारी मंडळी बघत होती. ती पडक्या घराच्या आडोशाला श्वास रोखून बसली होती. मीही श्वास रोखला होता. तेवढ्यात पडद्यावर एक नाव उमटलं. आमच्या भागातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचं, पूर्ण, पदासकट. त्यांना मी किती लग्नांत पुकारलं असेल, मोजदाद नाही. एकदा तर सातव्या मंगलाष्टकेला.

मी उभा होतो. कधी उठलो मला माहीत नाही. "थांब, थांब. साहेब आलेत. सामना थांबव."

इतकंच असतं तर तिनं ऐकलं नसतं. पण तिला मी लहानपणापासून एक वळण लावलं होतं, की मोठं माणूस घरात आलं की हातातलं ठेवून उभं राहायचं. आणि मी ते वाक्य आबांच्या नाही, शिक्षकाच्या आवाजात म्हणालो. ती ताडकन खुर्चीतून उठली. बोट घसरलं. खेळातली बाईही उठली. ठो.

मी साहेबांची पदं पूर्ण केली.

साहेब त्या वेळी कुणाच्या तरी दशक्रियेला बसले होते, हे नंतर कळलं. ते खातं कुणीतरी गंमत म्हणून काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत क्लिप सगळीकडे. लोक चहाच्या टपरीवर एकमेकांना थांबवायचे, "थांब, थांब, साहेब आलेत." रिक्षावाले सिग्नलला म्हणायचे. अकरा वाजता साहेबांचे तीन कार्यकर्ते घरी आले. माझे जुने विद्यार्थीच. मी ओट्यावर खुर्च्या मांडल्या.

"गुरुजी, तुमच्या नातीनं साहेबाची टिंगल केली."

"टिंगल कुठं रे, स्वागतच आहे ते."

"स्वागत हाय, मान्य. भाग्यविधाते म्हनली, ते बी बरोबर. पण बाजार समितीचं पद घेतलंच न्हाई. मुद्दाम गाळलंय."

दुसरा म्हणाला, "मशीन विसरत असती का गुरुजी? गाळलंयच."

ते जातात न जातात तोच विरोधी गटाचे दोघं हजर. "एकाच साहेबाचं स्वागत कावून? आमचे साहेब काय मेले का?" मी त्यांनाही चहा दिला. दोन्ही गटांचं एकच मागणं होतं, पोरीनं माफी मागावी.

तेव्हा मी सांगू शकलो असतो. चार शब्दांचं काम होतं. त्याऐवजी मी तिला बाहेर हाक मारली आणि त्यांच्यासमोर म्हणालो, "काय ग, असे आवाज काढतात का मोठ्यांचे? शोभतं का हे आपल्या घराला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं, गुरुजी."

आबा नाही. गुरुजी.

दुपारी दोनला तिनं माफी मागितली. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत ऐकत होतो. "आवाज माझाच होता, चूक माझीच हाय. कुनाचं मन दुखलं आसंल तर माफ करा." बायकोनं माझ्या हातातला लसूण काढून घेतला. "तुमी सोलू नका," म्हणाली. "तुमच्या हातचं नको आज."

खरा घाव त्या माफीनंतर बसला. पुण्याहून पत्र आलं, फोनवर येतं तसं. तुम्ही आवाज बदलायचं सॉफ्टवेअर वापरता हे स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे. चाचणीच्या वेळी ते चालू असल्याचं स्पष्ट ऐकू येतं. नियमाप्रमाणे एक वर्ष अपात्र. पोरगी ताटावर बसली होती. तिनं ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि फोन उलटा ठेवला.

म्हणजे हरली म्हणून नव्हे, माझ्यासाठी खोटं बोलली म्हणून तिला बाहेर काढलं होतं. ते सॉफ्टवेअर समोर बसून भाकरी मोडत होतं. मी म्हणालो, "वरण जरा फिकं झालंय." एवढंच मला सुचलं.

त्या आठवड्यात तिनं खेळ दाखवणं बंद केलं. तरी लोक येऊन लिहून जायचे, खोटारडी, फसवी. आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात कुणीतरी निषेधाचा ठराव मांडला. अध्यक्ष मी. मसुदा माझ्या अक्षरात. 'आवाज बदलून ज्येष्ठांची टवाळी करण्याच्या प्रवृत्तीचा ही सभा तीव्र निषेध करते.' नातीचं नाव त्यात नव्हतं, त्याची गरजही नव्हती. टवाळी नेमकी कशी होती हे समजावं म्हणून सभासद तो आवाज काढून दाखवू लागले. सहा-सात म्हातारे आळीपाळीनं मला माझी नक्कल करून दाखवत होते, आणि एकालाही जमत नव्हती. चिटणिसांनी तर इतकी वाईट केली की मी तोंड उघडलं होतं. पाणी प्यायल्यासारखं करून मिटलं.

ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. एकानं केला नाही. तो माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं बसस्थानकामागं पंपाच्या जळक्या मोटारी वाइंड करायचं दुकान आहे, आणि तीस वर्षं माझ्या प्रत्येक लग्नाला भोंगे त्याचे होते. मी मांडवात बोलायचो, तो मांडवामागं मशीनपाशी बसायचा. सभा सुटल्यावर तो माझ्याबरोबर चालत निघाला.

"ठराव लई भारी लिहिलास."

"हं."

"आवाज मशीनचा हाय म्हनत्यात."

"म्हणतात खरं."

"तीस वर्सं तुझा आवाज माझ्या मशीनीतून गेला बे. तू 'स्वागत' म्हनताना 'स्वा'वर फुंकर मारतोस. तवा माझा भोंगा शिट्टी मारायचा. किती डायाफ्राम बदलले त्या पायी. त्या क्लिपमधी बी शिट्टी हाय. मला सांग, कोनतं सॉफ्टवेअर शिट्टी मारतंय?"

मी चालायचा वेग वाढवला.

"पोरीला कावून बुडवलास?"

"लोक हसतील रे मला. गावभर सांगत फिरलोय मोबाईल वाईट म्हणून."

"हसतील की. मी तर आत्ताच हसायलोय. तू मरायलास का?"

तो खरंच हसत होता. रस्त्याच्या मधोमध, गुडघ्यावर हात टेकून. मग मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना. त्यानं मला धरून घरी आणून सोडलं.

पोरगी खोलीत होती. संगणक बंद, माइकवर रुमाल टाकलेला. फोनवर एकटीच खेळत होती, एक शब्द न बोलता. मी दारात उभा राहून म्हणालो, "मी पुण्याला सांगतो. तो आवाज माझा होता म्हणून."

तिनं मान वर केली नाही. "आन संघात?"

"संघातही."

"साहेबाच्या लोकान्ला?"

"सगळ्यांना."

तिनं खेळ बंद केला. मग ती म्हणाली, "चाचणी गेली त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. मी बी उठलेच की. पण कुनीतरी तो ठराव ग्रुपवर टाकला, आबा. तुमचं अक्षर मला वळखू येत न्हाई का? माझी बाराखडी तुमीच काढून घेतलीय."

ती आबा म्हणाली होती, एवढंच धरून मी तिच्या शेजारी बसलो.

पुण्याशी बोलणं व्हिडिओवर ठरलं. मी ओट्यावर फोन मांडून बसलो. पलीकडे दोघं होते, माझ्या नातवंडांच्या वयाचे, सभ्य. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकजण अवघडून म्हणाला, "आजोबा, राग मानू नका. पण आजकाल चेहरा आणि आवाज दोन्ही बनवता येतात. तुम्ही खरे आहात हे आम्हाला कसं कळणार?"

मी घरात गेलो आणि पेन्शनच्या पिशवीतून हयातीचा दाखला आणला. दरवर्षी मी जिवंत आहे हे मला सरकारला कळवावं लागतं. त्याची पोच माझ्याकडे असते. ती मी कॅमेऱ्यापुढं धरली. "यात लिहिलंय की सदर इसम हयात आहे." पलीकडे दोघांनी माना खाली घातल्या. खांदे हलत होते.

"तरी आवाज ऐकायला आवडेल," दुसरा कसाबसा म्हणाला.

यासाठी माझा मित्र तयारच होता. तो सकाळीच हातगाड्यावर जुनी मशीन, दोन भोंगे आणि मोठा माइक घेऊन आला होता. भोंगे त्यानं गच्चीच्या कठड्याला बांधले. मी सांगितलं, एवढं कशाला. तो म्हणाला, "पुरावा द्यायचा तर पुरा द्यायचा."

मी टिचकी मारली. चार गल्ल्यांत आवाज गेला. "पुण्यनगरीहून या ठिकाणी खास आपल्या लेकीच्या निवडीसाठी उपस्थित असलेले आदरणीय निवड समिती सदस्य, यांचं मी यजमान परिवारातर्फे शब्दसुमनांनी स्वाऽ..." आणि भोंग्यानं शिट्टी मारली. लांब, सणसणीत. मित्र मशीनपाशी उभा राहून कॅमेऱ्याला बोटानं दाखवत होता, ऐका, ऐका. कोपऱ्यावरची एक बाई डोक्यावर पदर घेऊन दारात आली आणि बायकोला विचारू लागली, "लगीन कुनाचं वो? आमाला पत्रिका न्हाई." बायको म्हणाली, "लगीन न्हाई. आमच्या ह्यांना कंठ फुटलाय." पोरगी उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होती. सव्वा महिन्यानं हसत होती.

पुण्याच्या मुलांनी मला पाच नावं घ्यायला लावली. मग गंभीर झाले. सॉफ्टवेअरचा ठपका काढून टाकू, म्हणाले. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा चाचणी घेऊ. पण सामना चालू असताना खोलीत दुसऱ्यानं बोलणं हाही नियमभंगच आहे, त्याचं काय करायचं?

"त्याची शिक्षा मला द्या," मी म्हणालो.

त्यांनी आपसात बोलून दिली. चाचणीच्या दिवशी आजोबांनी घरात थांबायचं नाही. ओट्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी मी संघाची सभा बोलावली आणि उभं राहून सगळं सांगितलं, ठराव मागं घेतला, आणि अध्यक्षपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. मला वाटलं आता चपला येतील. चिटणीस म्हणाले, "म्हणजे माझी नक्कल चुकीची होती म्हणता?" त्यावर वीस मिनिटं वाद झाला. शेवटी मी आवाज काढून दाखवल्याशिवाय कुणी जागचं हलेना. राजीनामा स्वीकारला, पण दुपारी दोन वाजता आपलंही नाव पुकारता येईल का, असं जाता जाता चौघांनी वेगवेगळं येऊन विचारलं.

साहेबांच्या कार्यकर्त्यांना मी घरी बोलावलं.

"मंजे बाजार समितीचं तुमीच विसरलाव, गुरुजी?"

"मीच."

"मग मिटलं. मानूस हाय, विसरतंय. आमाला वाटलं मशीनीत कुनी भरवलंच न्हाई."

शाळांत जाऊन सांगायचं अजून राहिलं आहे. तीन शाळा झाल्या, बाकीच्या उन्हाळी सुट्टीनंतर. तिच्या माफीच्या त्या व्हिडिओत 'आवाज माझाच, चूक माझीच' असं आहे. त्यातलं एकही खरं नाही. ज्यांच्याकडे तो आला असेल त्यांच्याकडे हेही जावं.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी दीड वाजताच बायकोनं मला चप्पल काढून दिली आणि दार लावलं. मी मित्राच्या दुकानात जाऊन बसलो. त्यानं फोन तांब्याच्या तारेच्या रिळाला टेकवून उभा केला. पोरगी बोलत होती, पूर्वीसारखी, भरभर. जागा आक्रसत गेली. वीस उरले, अकरा, सहा. आणि मग बघणाऱ्यांनी खोडी काढली. नावं यायला लागली. साहेब आले. विरोधी साहेब आले. माजी सभापती, विद्यमान सभापती, चेअरमन, व्हाईस चेअरमन, साखर कारखान्याचे संचालक, जिल्ह्यातला एक पुढारी राहिला नाही. कुणीतरी तर नुसतं 'मंत्रालय' असं नाव लावून आलं होतं.

मी दोनदा उठलो. दोन्ही वेळेला मित्रानं सदऱ्याचं टोक धरून मला खाली ओढलं. "बस बे. तुझं काय जातंय?"

पोरीनं ते वाचलं असणार. एक क्षण ती थांबल्यासारखी वाटली. मग ती म्हणाली, "साहेब लोकं, बसून घ्या मागं सतरंजीवर. गडबड हाय मला." आणि भिंतीवरून उडी मारून पळाली.

तिसरी आली. पडली तेव्हा उभी नव्हती, पळत होती. मित्रानं फोन उचलून पुसला. आम्हाला तिसरी म्हणजे आत की बाहेर, काही कळेना. त्यानं दुकानासमोरच्या एका कॉलेजच्या पोराला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. अर्धा तास आम्ही एका पंपाच्या मोटारीकडे बघत बसलो.

मग तिचा फोन आला. "आबा, घेतलं. राखीव म्हनून, पण घेतलं. मी आजीला सांगितलं, ती रडायली."

"येऊ का घरी?"

"या. येताना पेढे आना." मग म्हणाली, "आन आबा, रस्त्यानं कुनाला सांगायचं तर सांगा. जोरात सांगा."